हाडातली टिकटिक

१

"च्या म्हणं च्या! आमच्या म्हशीम्होरं ठेवला तर ती बी मान फिरवंल."

कागदी कपात तोंड घालून म्हातारी स्वतःशीच पुटपुटत होती. सांगलीच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या लोखंडी खुर्च्या, तिथला पंखा, पुकारा करणारी मुलगी, सगळ्यांचा उद्धार करून झाल्यावर आता चहाची पाळी आली होती. तिचं ऐकायला कुणी नव्हतं. पण क्रांती तिच्या खुर्चीमागच्या भिंतीजवळ वाकलेली, म्हणून ती कुरकुर थेट तिच्या कानात पडली आणि तिला हसू फुटलं.

हसू पुरं व्हायच्या आत हातातलं मीटर बोलायला लागलं.

शेक देण्याच्या मशीनचे किरण त्या मशीनच्या खोलीतच राहतात ना, बाहेर माणसांत येत नाहीत ना, हे बघणं क्रांतीचं काम. त्यासाठी मीटर घेऊन ती हॉस्पिटलभर फिरायची. तिच्या पाठीमागे तिला 'टिकटिकबाई' म्हणतात हे तिला ठाऊक होतं, आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला लोक याहून वाईट काही म्हणू शकतात हेही ठाऊक होतं. एरवी ते मीटर पेंगुळलेल्या पालीसारखं, आठवण आली की एकदा चुकचुकायचं. आत्ता मात्र ते घाईघाईनं बोलत होतं.

तिनं ते भिंतीला लावलं. आवाज घटला. म्हातारीकडे वळवलं, तरी तसाच. म्हातारीशेजारी चाकाच्या खुर्चीत एक तिशीतली बाई बसली होती, गुडघा नारळाएवढा सुजलेला. तिच्याकडे वळवताच मीटर पुन्हा तोंड उघडून बडबडू लागलं.

"तुमचं स्कॅन कधी झालं?" क्रांतीनं विचारलं.

"अजून कुठलं? आजच तर आलोय," बाई म्हणाली. तिचं नाव पूजा. "नुसतं नाव नोंदवलंय. डॉक्टरांचं तोंड बी बघितलं न्हाई."

क्रांतीनं तिला आतल्या खोलीत नेलं. साडी, बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावून हॉस्पिटलचा झगा दिला. हातपाय, तोंड, केस साबणानं धुवून घेतले. काढलेले कपडे लांब ठेवले आणि मीटर पुन्हा धरलं.

गुडघ्याजवळ टिकटिक. जबड्याजवळ टिकटिक. पाठीच्या कण्यावरून खाली कमरेपर्यंत टिकटिक.

मीटर जे ऐकत होतं, ते पूजाच्या अंगावर नव्हतं. आत होतं.

२

"आपल्याकडून गळती?" डॉ. जयराजांनी पहिला प्रश्न हाच विचारला, तोही दार लावून.

"नाही सर. सगळ्या खोल्या पुन्हा तपासल्या."

"मग बाहेर कुठं तरी हाडांचं स्कॅन केलं असेल. त्याला औषध टोचतात."

"नवऱ्याला विचारलं. इस्लामपुरात फक्त एक्स-रे काढलाय. आणि टोचलेलं ते औषध दोन-तीन दिवसांत विझतं. एक्स-रेचं तर काही उरतच नाही. बॅटरीचा उजेड तोंडावर मारला आणि बंद केला, तर तोंड चमकत राहतं का? हिच्या पोटात काहीतरी गेलंय, सर. आणि तिथून हाडात जाऊन बसलंय."

डॉक्टरांनी दाराची कडी पुन्हा तपासली. मग म्हणाले, "कळेपर्यंत बाहेर बोलू नका."

बोलू नका, हे त्या दिवसांत क्रांतीला पुष्कळांनी सांगितलं.

पूजाचा सासरा आकाराम इस्लामपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. बॉयलरच्या नळ्यांचे सांधे तपासायला ठेकेदार किरणांची पेटी आणतो, ती त्याच्याच ताब्यात असते, हे कळल्यावर क्रांतीनं कान टवकारले. पण आकारामला वेगळंच बोलायचं होतं.

"मॅडम, उगाच शोध लावू नका. हे रक्तातच हाय," तो हाताची घडी घालून म्हणाला. "माझी मालकीण मनुबाई ह्याच हाडाच्या दुखण्यानं गेली. पूजा तिच्या सख्ख्या भावाची लेक. आत्याच्या घरात भाची सून करून आणली. कोरेगावच्या त्यांच्या माहेराचं हाडच किडकं, आणि आमाला कुणी सांगितलं न्हाई."

"हे तुम्ही आणखी कुणाला बोललात?"

आकारामनं नजर वळवली. "पूजाच्या धाकट्या बहिणीला साताऱ्याचं स्थळ आलंतं. त्या लोकांनी फोन करून विचारलं. मी काय खोटं बोलू?"

ती धाकटी, उत्कर्षा, दारातच उभी होती. बहिणीची उस्तवार करायला दिवाळीपासून तिच्या सासरी राहिलेली. तिनं हातातली पिशवी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"अंगाऱ्यापर्यंत सगळं केलं, बाय," म्हातारी, म्हणजे आकारामची आई रंगुबाई, मध्येच म्हणाली. "पण देवच आमच्याकडं बघंना झालाय. पयल्यांदा अंधारात त्येचं डोळं लुकलुकायचं. लांबलांबचं लोक बघाय यायचं. हळूहळू मिटलं. तवापास्नं ह्या घराला दुखणं लागलं. माझी सासू हरणाबाई चुलीम्होरं बसल्या जागी मांडी मोडून पडली. पुन्यांदा उठलीच न्हाई."

"म्हातारी झालती ती, आई," आकाराम कावला.

"हरणाबाई कुठल्या?" क्रांतीनं विचारलं.

"जतच्या खालच्या अंगाची. मेंढरंवाल्यांची लेक."

म्हणजे कोरेगावची नव्हे. क्रांतीनं ते मनात गाठ मारून ठेवलं. बसल्या जागी मांडी मोडायला नुसतं म्हातारपण पुरत नाही.

३

कोणता पदार्थ आहे हे ओळखणारं दुसरं यंत्र आणून पूजाजवळ ठेवलं, तेव्हा उत्तर आलं आणि डॉ. जयराज खुर्चीत मागे टेकले.

रेडियम.

"रेडियम म्हणजे ट्रॉलीच्या मागं चिकटवतात ते?" विश्वजीतनं विचारलं. पूजाचा नवरा. फौजेत हवालदार, बायकोसाठी सुट्टी काढून आलेला. कँटीनच्या टेबलावर तो आणि उत्कर्षा क्रांतीसमोर बसले होते.

"त्याला आपण रेडियम म्हणतो एवढंच, त्यात रेडियम नसतं. हे खरं. पोटात गेलं की शरीर फसतं. त्याला वाटतं चुनखडीसारखं हाडाला लागणारं काहीतरी आलंय, आणि ते जपून हाडात ठेवतं. आणि तिथं बसून ते वर्षानुवर्षं किरण सोडतं."

"किरणांनी कॅन्सर व्हतो, हे ऐकलंय. पण कसा?"

क्रांतीनं क्षणभर विचार केला. ती माधवनगरची. वडील गिरणीत मागावर होते.

"आपलं अंग बारीक बारीक पेशींचं. प्रत्येक पेशीत एक दुपदरी धागा असतो. कसं वाढायचं, कधी थांबायचं, सगळं त्यात विणलेलं. आमचे आप्पा मागावर असायचे. एक तार तुटली की शेजारची बघून बरोबर जोडायचे. पेशीही तेच करते. एक पदर तुटला तर दुसरा बघून सांधते, रोज सांधते, आपल्याला पत्ता लागत नाही. पण रेडियमचा किरण जवळून बसला की दोन्ही पदर एकाच जागी तुटतात. मग बघायला काही उरत नाही. पेशी अंदाजानं हे टोक त्या टोकाला बांधते."

"आणि चुकतं," उत्कर्षा म्हणाली.

"चुकतं. बहुतेक वेळा ती पेशी मरते आणि सुटका होते. पण एखादी जगते. आणि तिच्यात नेमका 'थांब' सांगणारा तुकडाच तुटलेला असला, तर ती एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहते. सगळ्या लेकी आईसारख्याच, न थांबणाऱ्या. त्यात आणखी तुटत जातं. हे सगळं व्हायला वर्षं लागतात, म्हणून कुणाला याचा संबंध जोडता येत नाही."

उत्कर्षानं टेबलावरचं पाणी बोटानं पुसलं. मग खाली बघूनच विचारलं, "ताई, मग मला बी व्हणार का? खरं सांगा. लग्नाचं जाऊ द्या."

"रक्तातून आलेलं असतं तर मीटर बोललं नसतं, बाळा. रक्ताला टिकटिक करता येत नाही. हे तुझ्या बहिणीला कुणीतरी दिलंय."

विश्वजीतची मूठ वळली. "कुणी?"

"ते तुमच्या घरी येऊन बघते. आणि घरातल्या कुणालाही आधी सांगू नका."

४

क्रांती त्यांच्या घरी गेली त्या दिवशी अमावास्या होती. पूजाला दोन दिवसांसाठी घरी आणलं होतं. तिचे वडील धनाजी कोरेगावहून आले होते आणि ज्या घरात बहीण गेली आणि लेक झिजत होती, त्या घराच्या ओसरीवर कडेला, पाहुण्यासारखे टेकले होते. आकारामनं त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

क्रांतीनं मीटर काढलं. विहीर गप्प. बोअरचं पाणी गप्प. धान्याची कणगी, मिठाची बरणी, विश्वजीतची फौजेची ट्रंक, सगळी गप्प.

"आता तुम्ही," ती आकारामला म्हणाली.

आकाराम छाती काढून उभा राहिला. मीटर चुकचुकलंही नाही. कारखान्याच्या पेटीचा संशय तिथंच मिटला. त्या पेटीचे किरण अंगातून आरपार जातात, मुक्कामाला राहत नाहीत. आणि तसलं काही उघडं पडलं असतं तर आधी ज्याच्या ताब्यात पेटी तोच टिकटिकला असता.

विश्वजीत गप्प. धनाजी गप्प. ते बघून क्रांती मोठ्यानं म्हणाली, "कोरेगावचं रक्त काही बोलत नाही हं." धनाजींनी मान वर केली.

रंगुबाई गप्प, म्हणजे मीटर गप्प. म्हातारी म्हणत होती, "बघ बाय, म्हातारीच्या हाडात वाजायला काय उरलंय!"

एका ताटातलं खाणारी, एका विहिरीचं पिणारी माणसं. त्यात फक्त पूजा. क्रांती विचारात पडली. असं काय आहे, जे या घरात सुनेच्याच तोंडात जातं?

"उत्कर्षा राहिली," विश्वजीत म्हणाला.

उत्कर्षा पुढे आली. क्रांतीनं मीटर सहज तिच्यापुढे धरलं.

मीटर कडाडलं.

पूजाच्या तोंडून "आई गं" निघालं. आकारामनं दोन्ही हात पसरले. "आता बोला! दोन सख्ख्या बहिणी! मी म्हणत नव्हतो, रक्तात हाय म्हणून?"

धनाजींनी पटक्यात तोंड लपवलं.

५

क्रांतीचं डोकं जागेवर होतं. तिनं मीटर उत्कर्षाच्या गुडघ्याजवळ नेलं. आवाज पडला. जबड्याजवळ, नाही. पाठीला, नाही. हाताजवळ आणलं, पुन्हा कडाड. हाडात नव्हतं. बोटांवर होतं.

"चल, हात धू. नखं घासून धू."

मोरीत साबणानं तिनं स्वतः उत्कर्षाचे हात घासले, ते पाणी बादलीत धरून ठेवलं. मीटर लावलं. धाप लागलेलं माणूस शांत व्हावं तसं ते मंद मंद होत जवळजवळ गप्प झालं.

"आज सकाळपासून कशाला हात लावलास?"

"शेण काढलं, भाकरी केल्या... आणि आमुशा हाय ना, देव घासला. पूजाताई करायची, आता मी करते. राख आणि चिंच लावून."

"आणि ते पाणी?"

उत्कर्षानं दाराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "ताई, कुणाला सांगू नका. देव घासलेल्या पाण्यावर कुणाचा पाय पडू न्हाई, म्हणून ह्या घरात सून ते पिते. थोरलं काम आहे ते, मान असतो. मी ह्या घरची सून न्हाई म्हणून आकाराममामा आधी नकोच म्हणत होते, मग पूजाताईच्या जागी चाललं. पहिल्या दिवशी तोंडाला लावलं आणि ओकारीच आली. राखेचं, चिंचेचं, कडूजहर. मी गुपचूप तुळशीत ओतलं. तवापास्नं दर आमुशेला तिथंच ओतते. पाप लागंल का?"

क्रांतीनं मीटर उचललं. ती मागल्या अंगणात गेली आणि मीटर तुळशीच्या कुंडीतल्या मातीवर धरलं.

कुंडी तडतडायला लागली.

क्रांती तशीच परतली आणि देवघराकडे चालली. वाटेत उंबऱ्याबाहेर चौकटीला टेकून रंगुबाई उभी होती. "तू जा आत. मी न्हाई येत. आमचं मालक गेलं तवापास्नं ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला न्हाई. रांडमुंड बाईनं देवाला शिवायचं नसतं."

आत पितळेचा मुखवटा घासून लख्ख होता. फक्त डोळ्यांत काळपट पिवळा लेप, वर्षानुवर्षांच्या घासण्यानं कडा झिजलेला. क्रांतीनं हात लांब करून मीटर त्या डोळ्यांसमोर धरलं.

टिकटिक उरली नाही. नुसता एकसंध आवाज झाला.

६

"दार ओढून घ्या. आत कुणी जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही," क्रांती बाहेर येऊन म्हणाली. "मी कळवलंय, सरकारी माणसं शिशाची पेटी घेऊन येतील. कुंडीही जाईल, ते बादलीतलं पाणीही जाईल."

"देवाला पेटीत घालणार?" आकाराम ओरडला. "कुणावर आळ घेताय, कळतंय का?"

"देवावर नाही. त्याच्या डोळ्यांत जे भरलंय त्याच्यावर. आजी, डोळे कुणी रंगवले?"

रंगुबाईनं देवघराच्या दाराकडं बोट केलं. "आमच्या मालकांनी. फौजेच्या वर्कशॉपात हुतं ते. गाड्यांची, इमानांची घड्याळं दुरुस्त करायचं. अंधारात दिसणारा रंग असायचा त्येला. निघताना एक बाटली उरलेली घेऊन आलं. म्हणलं, रंगू, आपला देव आता रातच्याला बी जागा राहील. तवा देव सासूच घासायची. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर उलटला आणि मालक गेलं. आपुण लावलेला रंग बघाय बी राहिलं न्हाई."

"त्या रंगात दोन गोष्टी असतात," क्रांती म्हणाली. "एक चमकणारी भुकटी आणि तिला चमकवणारं रेडियम. भुकटी जळून जाते, चमक मिटते. रेडियम मात्र पिढ्यान् पिढ्या जसंच्या तसं. देवाचे डोळे मिटले नव्हते, आजी. फक्त दिसायचे बंद झाले. त्यावर राख घासायची, चिंचेचा आंबट रस लावायचा, म्हणजे थोडं थोडं सुटून पाण्यात येणार. ते पाणी आधी हरणाबाई प्यायल्या. मग मनुबाई. मग पूजा. हरणाबाई जतच्या, त्यांच्यात कोरेगावचा थेंब नव्हता. आणि आजी मधल्या पिढीची सून असूनही वाचल्या, कारण त्यांना विधवा म्हणून देवाला हात लावू दिला नाही."

रंगुबाईनं उंबऱ्याकडे बघितलं. पन्नासावर वर्षं तिला बाहेर ठेवणारा उंबरा.

"आणि उत्कर्षा?" धनाजींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तिच्या फक्त हातावर होतं, ते गेलं. पहिल्या दिवशी ओठाला लागलं असेल, म्हणून तपासणी करू. पण तिच्या हाडात मीटरला काही सापडत नाही. आणि पूजाच्या हाडातल्या पेशीत जे तुटलं ते तिच्या बहिणीत उतरत नाही."

खाटेवरून पूजा बोलली. ती रडत नव्हती, नुसती चकित होती. "आत्यानंच शिकवलंतं मला. म्हणायची, पूजे, ओंजळ घट्ट धर. थेंब बी खाली सांडू न्हाई. मी कवा सांडला न्हाई वो, ताई. एक थेंब बी."

विश्वजीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची आई ती ओंजळ पिऊन गेली होती, आणि लहानपणी तो ते कौतुकानं बघायचा.

"आमाला काय ठाऊक हुतं?" आकाराम पुटपुटला. "आमी काय मुद्दाम केलं? जे झालं ते झालं. गावात बोलायची गरज न्हाई. साताऱ्याच्या लोकांना काय सांगायचं ते हळूहळू बघू. घराची अब्रू हाय, देवाचं नाव हाय..."

"फोन लाव," रंगुबाई म्हणाली.

"आई, तू आत जा."

"कुठं आत? मला आत कुठं हाय?" म्हातारी काठी न घेता चालत ओसरीच्या कडेला आली आणि धनाजींसमोर जमिनीवर बसली. धनाजी गडबडून उठायला लागले, तिनं त्यांचं धोतर धरून बसवलं. "आकाराम, फोन लाव म्हणते न्हवं? साताऱ्याच्या माणसांला मी सांगती. पर पयल्यांदा ह्येला सांगू दे."

आकाराम जागचा हलला नाही. विश्वजीतनं खिशातून फोन काढला.

रंगुबाईनं धनाजींचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुज्या बहिणीत खोट न्हवती, धनाजी. तुज्या लेकीत बी न्हाई. चांगल्या धडधाकट पोरी दिल्या तू आमाला. इख आमच्या घरात हुतं. आमी पाजलं त्येस्नी. वर मान म्हणून पाजलं."